देवळाची किल्ली कोणाकडे?

बुधवारच्या नोव्हेनाला माहीमला जाणारी कितीतरी कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत. ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर आणि दादरला गाडी बदलून माहीम, असा प्रवास करून आपण तिथे पोचतो, रांगेत उभे राहतो, मेणबत्ती लावतो, मातेपुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. शेजारी उभी असलेली बाई ख्रिस्ती आहे की नाही हे कोणी विचारत नाही. सेंट मायकल्सचे दार सर्वांना उघडे असते.

याच देवळाचे दार एकदा आतून बंद झाले होते. ही गोष्ट मार्च १८५३ ची. आत एक बिशप होते आणि त्यांच्या बाजूचे काही लोक होते. बाहेर त्याच देवळाचे भाविक पहारा देत होते, आत अन्नपाणी जाऊ नये म्हणून. सुमारे पंधरा दिवस हा वेढा चालला. शेवटी इंग्रज सरकारचे अधिकारी मध्ये पडले आणि दार उघडले. आतले कॅथलिक आणि बाहेरचेही कॅथलिक. दोघांची जपमाळ तीच, मिस्सा तीच, पोपही तेच. भांडण श्रद्धेचे नव्हतेच. प्रश्न एवढाच होता: या देवळावर अधिकार कोणाचा?

हा जुना इतिहास आज काढण्याचे कारण आहे. धर्मग्रामात नव्या समित्या नेमण्याचे दिवस आले, सणाची तयारी सुरू झाली किंवा फादरांची बदली झाली की हाच प्रश्न लहान रूपात आपल्या दाराशी येतो. कोण अध्यक्ष, कोणाला विचारले, कोणाला विचारले नाही, कोणाच्या हाती हिशेब, कोणाच्या हाती किल्ली. वाद होतात यात नवल नाही. प्रेषितांतही झाले. प्रश्न असा आहे की वाद झाल्यावर ख्रिस्ती माणसाने काय करावे? आणि त्याहून कठीण प्रश्न: आपली बाजू खरी असेल तर माघार घ्यावी का?

एक शहर, दोन अधिकारी

माहीमचे भांडण एका दिवसात पेटले नव्हते. मुंबई बेट पोर्तुगिजांकडे होते तोवर येथील देवळांचा कारभार पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखाली, गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता. या व्यवस्थेला पाद्रुआदो म्हणत. १६६५ मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात आले. आपल्या बेटावरील धर्मगुरूंनी दुसऱ्या राजाशी निष्ठा ठेवावी हे इंग्रजांना खपेना. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना बाहेर काढले आणि कार्मेलाईट धर्मगुरूंना आणले. हे कार्मेलाईट रोममधील प्रोपागांडा या मिशनकार्याच्या खात्याकडून आलेले होते. आज 'प्रोपगंडा' म्हटले की खोटा प्रचार असे आपल्याला वाटते, पण मुळात ते श्रद्धेचा प्रसार पाहणाऱ्या खात्याचे नाव.

तेथून ओढाताण सुरू झाली. १७८९ मध्ये देवळे पुन्हा गोव्याकडे गेली, १७९१ मध्ये परत कार्मेलाईटांकडे आली. शेवटी १७९४ मध्ये सरकारने तोडगा काढला: देवळे वाटून टाका. काही याच्याकडे, काही त्याच्याकडे. सरकारच्या दृष्टीने प्रश्न मिटला. ख्रिस्तसभेच्या दृष्टीने तो तेव्हा खऱ्या अर्थाने सुरू झाला. कारण आता एका शहरात दोन अधिकारी झाले, आणि एकाने रागावले की दुसऱ्याकडे जाण्याची वाट लोकांना सापडली. माहीमला तेच झाले. देवळातील पुष्कळ लोकांनी गोव्याच्या बाजूला जायचे ठरवले. बिशप अनास्तासियस हार्टमन यांना हे मान्य नव्हते. ते स्वतः देवळात जाऊन बसले.

वेढा उठल्यावर देऊळ पाद्रुआदोकडे गेले. हार्टमन यांच्या बाजूच्या लोकांनी माहीममध्येच वेगळे प्रार्थनास्थळ उभारले. आज आपण ज्याला व्हिक्टोरिया चर्च म्हणतो त्याचे मूळ ते. वांद्र्याला सेंट अँड्र्यूजपासून थोड्याच अंतरावर सेंट पीटर्स आहे, तेही त्याच काळातले. दोन देवळे इतकी जवळ का, असा प्रश्न आपल्या मुलांना पडतो. त्याचे उत्तर पुष्कळदा भक्तीत नसून भांडणात असते. देवाने त्या भांडणातूनही दोन्ही ठिकाणी पुढे चांगले घडवले, ही त्याची दया.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. बिशप हार्टमन हे सत्तेसाठी भुकेले गृहस्थ नव्हते. ते स्वित्झर्लंडहून आलेले कपुचिन संन्यासी. आजही मुंबईत निघणारे 'एक्झामिनर' हे साप्ताहिक त्यांनी १८५० मध्ये सुरू केले. पुढे ते पाटण्याला परतले आणि १८६६ मध्ये तेथेच कॉलऱ्याने गेले. ख्रिस्तसभेने त्यांना 'पूज्य' ही पदवी दिली आहे. म्हणजे संतपणाच्या वाटेवरचा माणूसही अशा भांडणात सापडू शकतो. आणि बाहेर बसलेले भाविकही दुष्ट नव्हते. ज्या व्यवस्थेत आपल्या आजोबा-पणजोबांचे बाप्तिस्मे झाले, ती आपली, असे त्यांना वाटत होते. आपापल्या परीने दोघेही देऊळ राखत होते.

अशी भांडणे मिटायला म्हणूनच वेळ लागतो. दोन लबाडांचे भांडण लवकर मिटते, कारण कोणीतरी लाच देतो आणि कोणीतरी घेतो. दोन प्रामाणिक माणसांचे भांडण लांबते, कारण दोघांनाही वाटते की मी माझ्यासाठी नाही, देवासाठी लढतो आहे.

न्याय मिळाला, शांती नाही

एकाच शहरातील ही दुहेरी सत्ता १७९४ पासून १९२८ पर्यंत टिकली. एकशे चौतीस वर्षे! १८८६ मध्ये पोप लिओ तेरावे आणि पोर्तुगालचा राजा यांच्यात करार झाला. मुंबईला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला आणि पाद्रुआदोच्या देवळांसाठी दमणचा धर्मप्रांत झाला. व्यवस्था आली, पण एकाच वस्तीतील शेजारी वेगवेगळ्या बिशपांच्या हाताखाली राहिलेच. शेवटी एप्रिल १९२८ मध्ये नवा करार झाला, दमणचा धर्मप्रांत बंद झाला आणि मुंबई एका आर्चबिशपांखाली आली. त्यातही एक अट राहिली: आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावेत. पहिले आले जोकिम लिमा, पोर्तुगीज येशूसंघीय. पोर्तुगालला मान मिळाला, इंग्लंडलाही मिळणार होता. ज्यांच्या देवळांसाठी हे सगळे चालले होते त्या येथील लोकांचे नाव करारात कोठेच नव्हते.

शलमोन राजापुढे आलेल्या दोन बायांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. एक जिवंत बाळ आणि दोन आया. राजाने तलवार मागवली, बाळाचे दोन तुकडे करून वाटा म्हणाला. एक बाई कबूल झाली. दुसरी म्हणाली, नको, बाळ तिलाच द्या, पण जगू द्या. राजाने ओळखले की खरी आई हीच.

या गोष्टीचा अर्थ आपण 'शलमोन किती हुशार होता' एवढाच काढतो. पण त्या आईकडे पाहा. तिची बाजू शंभर टक्के खरी होती. बाळ तिचे होते. न्याय मागण्याचा तिला पूर्ण हक्क होता, आणि तोच हक्क तिने सोडला. ती हरली म्हणून नव्हे, घाबरली म्हणूनही नव्हे. हक्क आणि बाळ यांपैकी एकच वाचवता येईल हे तिला दिसले, आणि तिने बाळ निवडले.

१७९४ मध्ये मुंबईच्या ख्रिस्तसभेची वाटणी झाली तेव्हा 'तुकडे नको' म्हणणारा कोणी निघाला नाही. हे आपल्याच इतिहासात घडले असे नाही. केरळमध्ये मलंकारा ख्रिस्तसभेतील ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट या दोन पक्षांचा देवळांच्या मालकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०१७ मध्ये निकाल लागला. तरी निकालानंतर कितीतरी देवळांच्या दारात पोलीस उभे राहिले. न्यायालय किल्ली कोणाची हे सांगू शकते. शेजारी गुडघे टेकायला ते कोणाला लावू शकत नाही.

खुर्ची रिकामी करणारे आर्चबिशप

लिमा १९३६ मध्ये वारले. आळीपाळीच्या नियमाप्रमाणे १९३७ मध्ये थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज येशूसंघीय मुंबईचे आर्चबिशप झाले. नियम, करार, रोमची नेमणूक, सर्व काही त्यांच्या बाजूने होते. वयानेही ते म्हातारे नव्हते. जन्मभर त्या खुर्चीत बसले असते तरी कोणाला काही म्हणता आले नसते.

पण येथे राहिल्यावर त्यांना दिसले की या लोकांचा मेंढपाळ याच भूमीतला असावा. देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर होता. त्यांनी पद सोडण्याची तयारी रोमला कळवली. अडचण अशी की करार आड येत होता. रॉबर्ट्स गेले असते तर नियमाप्रमाणे पाळी पोर्तुगिजांची होती. म्हणजे नुसते 'मी जातो' म्हणूनही भागत नव्हते. तेव्हा १९४६ मध्ये फादर व्हॅलेरियन ग्रेशियस यांना सहायक बिशप म्हणून अभिषेक झाला, आणि रॉबर्ट्स मुंबईबाहेर निघून गेले. नावाने आर्चबिशप तेच, पण कारभार ग्रेशियस यांच्या हाती. लोकांनी नव्या माणसाकडे जाण्याची सवय लावावी, प्रत्येक गोष्टीत जुन्याकडे वळून पाहू नये, म्हणून ते दूरच राहिले. असे चार वर्षे चालले. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला आणि डिसेंबर १९५० मध्ये रॉबर्ट्स यांचा राजीनामा मंजूर झाला. ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल झाले.

तलवार, करार आणि सरकारी हुकूम यांनी दीडशे वर्षांत जे झाले नाही, ते एका माणसाने बाजूला सरून सोपे केले. रॉबर्ट्स यांनी पुढे १९५४ मध्ये अधिकाराचा वापर आणि गैरवापर या विषयावर एक पुस्तकही लिहिले. पण त्यांचे खरे लिखाण म्हणजे ती चार वर्षे, असे आम्हाला वाटते.

मग काय, नेहमीच माघार घ्यायची?

येथे वाचक आम्हाला अडवतील, आणि अडवावेच. 'सोडून द्या, क्षमा करा, देऊळ आहे ना' असे म्हणून किती चुका झाकल्या गेल्या आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. हिशेब विचारणाऱ्याला 'भांडखोर' ठरवले जाते. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलणाऱ्याला 'ख्रिस्तसभेची बदनामी करू नका' असे सांगितले जाते. शांती हा शब्द दुबळ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी वापरला, तर ती ख्रिस्ताची शांती नव्हे.

संत पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांसमोर खडसावले, हे त्याने स्वतः गलतीकरांच्या पत्रात लिहून ठेवले आहे. पेत्र पहिला, पेत्र प्रमुख, किल्ल्या पेत्राकडे. तरी पौल गप्प बसला नाही. का? कारण पेत्र परराष्ट्रीय ख्रिस्ती बांधवांबरोबर जेवायला बसेनासा झाला होता. अपमान पौलाचा झाला नव्हता. ज्यांना पंक्तीतून उठवले गेले, त्यांच्यासाठी तो बोलला.

आम्हाला वाटते, भेद येथेच आहे. माझा मान, माझी खुर्ची, माझी पाळी, माझे नाव फलकावर असणे, हे माझे आहे, म्हणून ते मी सोडू शकतो. पण गरिबाचे पैसे, मुलाची सुरक्षितता, दुबळ्याची जागा, ही माझी नाही. जे माझे नाही ते उदारपणे सोडण्याचा हक्क मला कोणी दिला? आपल्या वाट्याचा अन्याय सोसणे हा सद्गुण होऊ शकतो. दुसऱ्याच्या वाट्याचा अन्याय 'आपण' सोसणे हा सद्गुण नव्हे, तो पळपुटेपणा.

पण एवढ्यानेही सगळे सुटत नाही. बिशप हार्टमन यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, मी माझ्यासाठी नाही, पोपमहोदयांच्या अधिकारासाठी बसलो आहे. बाहेरच्यांना विचारले असते तर ते म्हणाले असते, आम्ही आमच्या मुलाबाळांच्या देवळासाठी बसलो आहोत. मी दुसऱ्यासाठी लढतो आहे असे स्वतःला पटवणे फार सोपे असते. म्हणून मनाची एक परीक्षा घ्यावी. मोशेच्या छावणीत एल्दाद आणि मेदाद हे दोघे परवानगीवाचून संदेश देऊ लागले, तेव्हा यहोशवा त्यांना थांबवा म्हणाला. मोशे उलट आनंदला. सगळीच प्रजा अशी व्हावी, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली. आपणही स्वतःला विचारावे: ज्यासाठी मी भांडतो आहे तेच काम उद्या माझ्या विरोधकाच्या हातून उत्तम झाले, तर मला आनंद होईल का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल पुढे जावे. घशात काही अडकल्यासारखे वाटले तर थोडे थांबावे. बहुधा भांडण कामाचे नसून नावाचे आहे.

एका पेटीची गोष्ट

आमच्यापैकी काहींनी ऐरोलीला येण्यापूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात हे जवळून पाहिले आहे. तेथे सणाच्या वर्गणीचा हिशेब एक वडीलधारे गृहस्थ वर्षानुवर्षे पाहत. पत्र्याची पेटी, वही आणि किल्ली त्यांच्या घरी. माणूस सचोटीचा. नव्या समितीतील तरुणांनी हिशेब मागितला. मागण्यात चूक काही नव्हती. पण मागणी बैठकीत झाली नाही, ती बाजारात आणि चहाच्या टपरीवर कुजबुजीने झाली. अंकलच्या कानावर ती तिसऱ्याच माणसाकडून गेली. 'माझ्यावर संशय? मग बघतोच,' असे म्हणून त्यांनी पेटीला कुलूप लावले. त्यांचे न दाखवणे हाच मग पुरावा ठरला.

दोन वर्षे गेली. कॉयर फुटला. मिस्सामध्ये एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की दोन कुटुंबे समोर पाहत उभी राहत. अखेर बाहेरचे एक फादर आले, दोघांना वेगवेगळे भेटले, मग एकत्र बसवले. वही उघडली. पैसे खाल्ले गेले नव्हते. पावत्या नसलेले काही खर्च होते, इतकेच. त्या तरुणाने घरी जाऊन क्षमा मागितली. अंकलने किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'ही आधीच द्यायला हवी होती रे बाबा.'

शेवट गोड झाला असे आम्ही म्हणणार नाही. त्या दोन वर्षांत अंकलच्या मुलाचे देवळात येणे सुटले. तो नंतरही परतला नाही. घरच्या जेवणाच्या टेबलावर देवळातील भांडण रोज वाढले जात होते आणि मुलगा ते ऐकत होता. शलमोनाच्या गोष्टीतील बाळ प्रत्येक भांडणात असते. ते कोण, हे भांडणाऱ्यांना दिसत नाही, एवढेच.

वाद मिटवण्याच्या वाटा

मनाची तयारी हवी, पण नुसती मनाची तयारी पुरत नाही. मुंबईतही रॉबर्ट्स यांचा मोठेपणा आणि कराराची दुरुस्ती, दोन्ही लागले. म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी.

पहिली, थेट बोलणे. प्रभू येशूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याने त्याच्याशी बोला, मग एक-दोघांना बरोबर घ्या, त्यानंतर मंडळीपुढे जा. आपण हा क्रम उलटा करतो. आधी सगळ्यांना सांगतो, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला शेवटी. आजकाल मोबाइलवरील ग्रुपमुळे ते अधिकच सोपे झाले आहे. मात्र एक अपवाद नेहमी लक्षात ठेवावा. मुलाला किंवा कोणालाही इजा झाली असेल, तर 'आधी एकट्याने बोलू' असे म्हणत बसू नये. तेथे ताबडतोब योग्य अधिकाऱ्यांकडे आणि पोलिसांकडे जावे.

दुसरी, कामाची वाटणी स्पष्ट असणे. कॅनन लॉ, म्हणजे ख्रिस्तसभेचा कायदा, सांगतो की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे (५३७). पॅरिश कौन्सिलचे मत सल्ल्याचे आहे (५३६). म्हणजे अंतिम निर्णय धर्मगुरूंचा असतो. पण त्याच कायद्यात (२१२) असेही आहे की ख्रिस्तसभेच्या भल्यासाठी आपले मत धर्मगुरूंना आदराने कळवणे हा भाविकांचा हक्क आहे, आणि प्रसंगी कर्तव्यही. सल्ला घ्यायचा नसेल तर तो मागू नये, आणि सल्ला दिला की तो हुकूम समजू नये. रोममध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजानेही अशी मंडळे अनिवार्य व्हावीत आणि ती नावापुरती राहू नयेत, असा आग्रह धरला आहे.

तिसरी, तक्रार करणाऱ्याला कामात घेणे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्यांनी कुरकूर केली की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. प्रेषित रागावले नाहीत. त्यांनी सर्वांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप, नीकानोर, तिमोन... सातही नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार, त्यांच्याच माणसांच्या हाती वाटप दिले. आपल्याकडे वसईचे, ठाण्याचे, गोव्याचे, मंगळूरचे, केरळ-तामिळनाडूचे, नगर-जालन्याकडचे लोक एका छताखाली येतात. 'आमच्या भाषेची मिस्सा', 'आमच्या लोकांना विचारले नाही' ही वाक्ये येथे ऐकू येणारच. ती भांडणाची सुरुवात समजण्याऐवजी निवडीची सुरुवात समजावी.

चौथी, तिसरा माणूस. त्या आईने हक्क सोडला, पण बाळ तिला परत मिळाले ते मध्ये समजूतदार राजा होता म्हणून. कायदाही (१७३३) सांगतो की अधिकाऱ्याच्या निर्णयाने अन्याय झाला असे वाटल्यास भांडण टाळून, सुज्ञ माणसांच्या मध्यस्थीने न्याय्य तोडगा शोधावा. मध्यस्थ दोन्ही बाजूंना मान्य असावा आणि लवकर बोलवावा. पेटीला कुलूप लागल्यावर नव्हे, लागण्याआधी.

पाचवी, मुदत. पद घेतानाच ते कधी सोडायचे हे ठरलेले असावे. सोडताना वही, पावत्या, किल्ली आणि मनातील माहिती, सर्व पुढच्याच्या हाती द्यावे. आणि मग थोडे दूर राहावे, आर्चबिशप रॉबर्ट्स राहिले तसे. नवा माणूस चुकेल. आपणही चुकलो होतो.

शेवटी

माहीमचे देऊळ आता तेच राहिलेले नाही. आजची वास्तू १९७३ ची. कोणत्या बाजूचे पूर्वज आत होते आणि कोणाचे बाहेर, हे रांगेत उभ्या असलेल्या कोणालाही सांगता येणार नाही. १८५३ मध्ये जो प्रश्न प्राणापेक्षा मोठा वाटला, तो आज आपल्याला समजावून सांगावा लागतो. आपल्या आजच्या वादांचेही असेच होईल. पन्नास वर्षांनी त्या वर्षी अध्यक्ष कोण होते हे कोणाला आठवणार नाही. पण एखाद्या घरी मात्र आठवण राहील की, आमचे आजोबा त्या भांडणानंतर देवळात गेले नाहीत, म्हणून आम्हीही जात नाही.

या आठवड्यात घरी एकत्र प्रार्थना झाल्यावर दोन प्रश्नांवर बोलावे. या धर्मग्रामात माझ्या हाती कोणती किल्ली आहे, आणि ती मी कोणाकडे सोपवायला तयार आहे? आणि असा कोण आहे, ज्याच्यासाठी मला बोलायला हवे होते, पण 'शांती' राखण्यासाठी मी गप्प राहिलो?

प्रभू येशू, शेवटच्या भोजनाच्या रात्रीही तुझे शिष्य मोठा कोण यावरून वाद घालत होते, आणि तू कमरेला रुमाल गुंडाळून त्यांचे पाय धुतलेस. आमच्या हाती जे दिले आहे ते सांभाळण्याची आणि वेळ येताच सोडण्याची बुद्धी आम्हाला दे. ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांच्यासाठी बोलण्याचे धैर्य दे. आणि आमच्या भांडणामुळे जे तुझ्या घरापासून दूर गेले, त्यांच्या दारापर्यंत जाण्याचा नम्रपणा आम्हाला दे. आमेन.